लक्झेंबर्गला कसं जायचं? (आणि मणिबेलीला?)

गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. कँटीनमध्ये टीममधल्या एकाने प्रश्न टाकला, "युरोपातला एखादा छोटासा देश सांग रे. तीन-चार दिवसांत बघून होईल असा. स्वित्झर्लंड काय, सगळेच करतात." गडी नवविवाहित, शिल्लक रजा मोजून आठ दिवस. मी मध्यंतरी सहा महिने लक्झेंबर्गला ऑनसाइट होतो, त्यामुळे आमच्या मजल्यावर त्या देशाचा बिनपगारी प्रचारक मीच. डबा बाजूला सारला आणि सुरू झालो. इथेही लिहून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१. व्हिसा. पर्यटकाला लक्झेंबर्गचा असा वेगळा व्हिसा लागत नाही, शेंगेन व्हिसा काढायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. त्या पंधरा दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच असलेला प्रवास विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अर्ज करायचा तो जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. म्हणजे तीन दिवस लक्झेंबर्ग आणि पाच दिवस पॅरिस असेल तर कागद फ्रान्सकडे.

२. फिरणं. २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वे फुकट. पाहुण्यालाही तिकीट नाही. रेल्वेचा पहिला वर्ग हवा असेल तरच पैसे. पहिल्या दिवशी मी सवयीने तिकिटाचं मशीन शोधत स्टेशनभर फिरलो होतो :-)

३. खाणं-राहणं. राजधानीत हॉटेलं महाग. पण कामासाठी येणारी मंडळी शनिवार-रविवारी नसतात, तेव्हा दर जरा उतरतात. रविवारी बरीच दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. पाणी नळाचं बिनधास्त प्या.

४. भाषा. फ्रेंच, जर्मन आणि त्यांची स्वतःची लक्झेंबर्गिश. इंग्रजीवर भागतं. पण दुकानात शिरताना "मोइएन" म्हणा, समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो.

५. एक अर्धा दिवस शेंगेन गावाला द्या. हो, व्हिसावालं शेंगेन. ते एक गाव आहे.

माझं भाषण संपलं तसं समोर बसलेल्या तळोदेकर मित्राने (हा टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड काढण्याचाच पगार घेतो) विचारलं, "केवढा आहे रे तुझा देश?"

"साधारण २,५८६ चौरस किलोमीटर."

"आमचा नंदुरबार जिल्हा ५,९५५. दोन लक्झेंबर्ग बसवून वर जागा उरेल. आलायस कधी?"

मी गप्प.

"शेंगेनला मात्र जाऊन आलास. मग मणिबेलीलाही जायला पाहिजे. तेही नदीकाठचं, तेही सीमेवरचं. त्याच्याही नावाचा एक कागद जगभर फिरलाय. आणि दोन्हींची सुरुवात एकाच वर्षातली आहे, १९८५."

मणिबेली हे नाव मी ऐकलं होतं. मेधाताई पाटकरांच्या बातम्यांत कधीतरी. ते महाराष्ट्रात आहे एवढंही मला खात्रीने सांगता आलं नसतं. ती टोचणी काही जाईना. पुढचे दोन-तीन वीकेंड वाचनात गेले, आणि जानेवारीतल्या एका जोडसुट्टीला आम्ही दोघं खरंच जाऊन आलो. तर हे दोन्ही गावांबद्दल.

शेंगेन

राजधानीपासून साधारण पस्तीस किलोमीटर. बस बदलत गेलात तरी तासाभराच्या आसपास पोचता. मोझेल नदी, उतारावर द्राक्षमळे, आणि शेजारच्या देशांपेक्षा इथे पेट्रोल स्वस्त म्हणून पंपांची गर्दी. पलीकडच्या काठावर जर्मनीतलं पर्ल गाव, जरा वर फ्रान्स. पूल चालत ओलांडला की देश बदलतो.

१४ जून १९८५ रोजी इथे नदीत 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाची बोट उभी करून तिच्यावर पाच देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, असा तो करार. तीन देशांच्या सीमा मिळतात म्हणून ही जागा निवडली. मोझेलची गंमत अशी की तिथे जर्मनी आणि लक्झेंबर्गची सीमा नदीच्या मधोमध जात नाही, अख्खं पात्र दोघांच्या सामाईक मालकीचं आहे. सह्यांना कुणी पंतप्रधान आले नव्हते, दुय्यम मंत्र्यांवरच भागलं. प्रत्यक्षात तपासणी थांबायला २६ मार्च १९९५ उजाडला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत, आणि पुण्या-मुंबईतला प्रत्येक हौशी प्रवासी त्या गावाचं नाव घेतो, ते गाव आहे हे माहीत नसताना.

गावात २०१० पासून एक संग्रहालय आहे. शांत आहे, सुबक आहे, तासाभरात होतं. एक सूचना: पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. सीमा पुसण्याच्या गावाशेजारीच पोलीस कागद मागू शकतो. कागद म्हणजे शेवटी कागद.

मणिबेली

आता दुसरं गाव. तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी हे सगळं धुळे जिल्ह्यात होतं. सातपुड्याचा उतार जिथे नर्मदेत उतरतो तिथलं हे महाराष्ट्राच्या टोकाचं गाव. वस्ती तडवी आणि वसावे आदिवासींची. समोरचा काठ गुजरातचा.

निवडणुकीच्या यादीत नंदुरबार हा राज्यातला लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक १, अक्कलकुवा हा विधानसभेचा क्रमांक १, आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक १ म्हणजे मणिबेली. आम्ही प्रोग्रामर लोक मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, पण निवडणूक आयोग एकपासून करतो आणि तो एक इथे आहे. महाराष्ट्राची यादी जिथे सुरू होते ते गाव आम्हाला माहीत नव्हतं, आम्हाला म्हणजे मला.

या भागाला प्रवासाच्या सल्ल्यांची फार जुनी परंपरा आहे. ही शूलपाणीची झाडी. नर्मदा परिक्रमेला निघालेल्यांना पिढ्यान् पिढ्या सांगितलं जायचं की झाडीत शिरताना मौल्यवान काही जवळ ठेवू नका, भिल्ल लुटतात, लंगोटीवर सोडतात. गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत परिक्रमेवरची पुस्तकं मराठी घराघरांत आहेत, त्यामुळे हे किस्से आपल्याला ऐकून माहीत असतात. मणिबेलीतच शूलपाणेश्वराचं पुरातन मंदिर होतं. 'होतं' हा शब्द लक्षात ठेवा.

नर्मदेवर धरण बांधायची कल्पना जुनी. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी केवडियाजवळ पायाभरणी केली. मग उंची किती आणि पाणी कुणाला यावरून राज्यं भांडली. १९६९ साली लवाद नेमला गेला आणि त्याने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. धरणाची उंची ठरली १३८.६८ मीटर. २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यातलं मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. महाराष्ट्राच्या पदरात मोठा वाटा पडला तो विजेत, २७ टक्के. बुडणार होती महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा तालुक्यातली ९ आणि अक्राणीतली २४. धरणाच्या भिंतीपासून वरच्या अंगाला काही किलोमीटरवर असलेल्या मणिबेलीचा नंबर त्यात पहिला.

निवाड्यात पुनर्वसनाच्या अटी कागदावर चांगल्या होत्या. जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन, सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, आणि पाणी चढण्याच्या आधी पुनर्वसन पूर्ण. मेख अशी की जमीन गमावली हे सिद्ध करायला सातबारा लागतो. नर्मदाकाठच्या कितीतरी कुटुंबांच्या पिढीजात कसत्या जमिनी वनखात्याच्या नोंदीत होत्या. शेत होतं, पीक होतं, सातबारा नव्हता. डेटाबेसमध्ये रेकॉर्ड नाही म्हणजे माणूसच नाही, हे आपल्या धंद्यात आपण रोज करतो, फक्त त्यात कुणाचं घर बुडत नाही.

आणि मग १९८५. शेंगेनला बोटीवर सह्या झाल्या त्याच वर्षी जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरची कर्जं मंजूर केली. केंद्राची पर्यावरण मंजुरी आली जून १९८७ मध्ये, तीही सशर्त. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग व्हायच्या आधीच कोड प्रॉडक्शनला.

इकडे १९८६ मध्ये धुळे जिल्ह्यात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली, पुढे तिन्ही राज्यांतल्या संघटना मिळून नर्मदा बचाओ आंदोलन झालं. १९९१ च्या पावसाळ्यात मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला. पाणी आलं तरी घर सोडायचं नाही, एवढाच कार्यक्रम. १९९२ आणि १९९३ मध्ये गावात पोलीस बंदोबस्त, अटका, घरं हलवणं हे सगळं झालं. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्यात गेली. काही कुटुंबं गुजरातेत परवेटाच्या वसाहतीत गेली होती, काहींनी डोंगराच्या वरच्या अंगाला पुन्हा झोपड्या बांधल्या. १९९४ च्या सुमारास शूलपाणेश्वराचं मंदिरही पाण्याखाली गेलं. त्याच्या नावाचं नवं मंदिर खाली गोरा गावाजवळ बांधलं गेलं.

हे सगळं एका आडबाजूच्या गावात चाललं असताना त्याचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोचला. १९९१ मध्ये बँकेने आपल्याच प्रकल्पाच्या तपासणीसाठी स्वतंत्र समिती नेमली. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर, कॅनडातले माजी न्यायाधीश. ही माणसं खोऱ्यात फिरली, दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि जून १९९२ मध्ये अहवाल दिला. सार असं: आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणाचा नीट विचार झालेला नाही, बँकेने एक पाऊल मागे घ्यावं. बँकेने काही महिने चालढकल केली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नसल्याचं कळवलं.

त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशाने होणाऱ्या प्रकल्पामुळे नुकसान होत असेल तर जगातल्या कुठल्याही गावाला थेट तिथे तक्रार करता येते. पहिली तक्रार गेली नेपाळच्या अरुण धरणाची, आणि १९९५ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली. मग आला १९९४ चा 'मणिबेली जाहीरनामा'. ४४ देशांतल्या ३२६ संघटना आणि गटांनी मागणी केली की मोठ्या धरणांना पैसे देणं बँकेने थांबवावं, जुन्या धरणांचा स्वतंत्र आढावा घ्यावा, विस्थापितांच्या भरपाईसाठी निधी काढावा. नाव दिलं या गावाचं. पुढे १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग झाला, त्यात मेधा पाटकरही सदस्य होत्या. त्याचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्ये लंडनला नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत प्रसिद्ध झाला.

म्हणजे मणिबेलीने जगाचे नियम बदलायला लावले. स्वतःच्या दारातलं पाणी मात्र तिला थांबवता आलं नाही. बांधकाम १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८०.३ मीटरवर रोखलं होतं. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने दोन विरुद्ध एक अशा मताने रस्ता मोकळा झाला. २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरवर गेली, २०१४ मध्ये दरवाज्यांना परवानगी मिळाली, १७ सप्टेंबर २०१७ ला लोकार्पण झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ४५८ किलोमीटरचा मुख्य कालवा राजस्थानच्या सीमेपर्यंत गेला आहे. सौराष्ट्र-कच्छमधल्या ज्या बायका घागरी घेऊन मैलोन् मैल चालायच्या त्यांच्या गावात हे पाणी पोचलं. एक इंजिनिअर म्हणून ती भिंत बघताना छाती थोडी फुगते, खोटं कशाला बोला. आणि विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे हे टाइप करताना लॅपटॉपला लावलेल्या चार्जरपर्यंत त्यातलं काही येत असणारच. प्रश्न धरण हवं की नको एवढाच असता तर वाद घालून मोकळं होता आलं असतं. माझा प्रश्न साधा आहे. ज्यांचं सगळं जाणार होतं, ते कुठल्या कागदावर होते?

आम्ही गेलो ते

मित्राच्या तळोद्याच्या घरून पहाटे निघालो. नकाशात अक्कलकुव्याहून मणिबेली सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. मी आदल्या रात्री फोनवर मार्ग लावून खूश होतो. मित्राची आई चहा देताना म्हणाली, "बाळा, तिथं जायला आधी गुजरातेत जायचं." सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा करत केवडिया, म्हणजे २०२१ पासूनचं एकतानगर. शंभराहून अधिक किलोमीटर. महाराष्ट्राच्या गावाला जायला दुसऱ्या राज्यातून वळसा. युरोपात पाच देशांनी मधल्या सीमा पुसल्या आणि इथे एकाच तालुक्याच्या पोटात पाण्याने नवी काढली.

वाटेत मित्राने सोमावल, रोझव्याच्या बाजूला हात दाखवला. महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांसाठी १९९० पासून तळोद्याचं राखीव जंगल मोकळं केलं गेलं, दोन टप्प्यांत ४,२०० हेक्टर. त्याच्या वर्गात त्या वसाहतींतली मुलं होती. "आम्ही त्यांना 'धरणवाले' म्हणायचो," तो म्हणाला. "नावं होती त्यांना. पण धरणवालेच म्हणायचो." त्यानंतर राजपिपळ्यापर्यंत तो फारसा बोलला नाही.

एकतानगरला शनिवारची तुफान गर्दी. १८२ मीटरचा पुतळा बघायला २०१८ पासून देशभरातून लोक येतात, आलेच पाहिजे, काम भव्य आहे. त्या गर्दीपासून वरच्या अंगाला काही किलोमीटरवर आपलं मतदान केंद्र क्रमांक १ आहे, हे तिथल्या मराठी कुटुंबांपैकी कितींना माहीत असेल कुणास ठाऊक.

शेवटचा टप्पा बोटीने. मोटर लावलेली साधी बोट, गव्हाच्या पोत्यांवर आम्ही. पाणी निळं, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी डोंगर. फोटो काढला असता तर युरोपातला म्हणून खपला असता. मी फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. खाली काय आहे हे वाचून आलो होतो.

काठावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मित्राला, त्यांच्या बोलीत. मित्राने मला सांगितलं, "विचारतायत, मोजणीला आलात का?"

पँट-शर्टातला माणूस इकडे येतो तो मोजायला, हा इथला पन्नास वर्षांचा अनुभव. घरं मोजायला, झाडं मोजायला, माणसं मोजायला. मित्र म्हणाला, "नाही दादा. पाहुणे आहोत." मग ते हसले, आणि अंगणात खाट टाकली गेली. चहा झाला. मी मंदिराचं विचारलं. त्यांनी उठून हात लांब केला आणि पाण्याच्या मध्यावरची एक जागा दाखवली. माझ्या नजरेला तिथे काहीच खूण नव्हती. त्यांना होती. मग हात थोडा डावीकडे नेऊन त्यांनी आणखी एक जागा दाखवली. ते त्यांचं शेत.

मणिबेलीला जायचं असेल तर

१. ऋतू. हिवाळा उत्तम. पावसाळ्यात नको, पाणी आणि डोंगरातल्या वाटा दोन्ही बेभरवशाचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला गाळ असतो.

२. मार्ग. मुंबईहून एकतानगरला २०२१ मध्ये थेट रेल्वे सुरू झाली, वेळापत्रक ताजं बघून घ्या. मोलगीकडून सातपुड्यातून यायची वाट स्थानिक माणूस बरोबर असेल तरच. बोट कुठून आणि किती वाजता हे पाण्याच्या पातळीवर ठरतं, आदल्या दिवशी गावातल्या कुणाशी तरी बोलून ठेवा. फोनमधल्या नकाशावर विसंबू नका (अनुभवाचे बोल!).

३. परत यायची वेळ जाताना ठरवा. अंधार पडल्यावर बोटीचा हट्ट धरू नका. निवडणुकीत मतदानयंत्रंसुद्धा नर्मदाकाठच्या गावांत बोटीने जातात, पण तो सरकारी लवाजमा असतो, तुम्ही नाही.

४. खाणं-पिणं. तिथे हॉटेल नाही. पाणी आणि शिधा आपला न्या. कुणी जेवू घातलं तर आनंदाने जेवा, पण आपण येणार म्हणून कुणाच्या घरचं धान्य संपता कामा नये. प्लास्टिक परत आणा.

५. भाषा. शेंगेनला जसं "मोइएन", तसं या काठावर "जिंदाबाद". घोषणा म्हणून नव्हे, भेटल्यावर राम राम म्हणावं तसं साधेपणी म्हणतात. परिक्रमावासी भेटले तर "नर्मदे हर". जुना काठचा मार्ग पाण्यात गेल्याने त्यांना आता डोंगरावरून चढून जावं लागतं, त्यांच्या पायांकडे बघितलं की कळतं.

६. फोटो. विचारल्याशिवाय नाही. मुलांचे तर नाहीच.

७. शाळा. आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा सुरू केल्या, 'लढाई पढाई साथ साथ' म्हणत. मणिबेलीतही जीवनशाळा आहे. जाणार असाल तर आधी कळवून जा, आणि चॉकलेटं वाटण्यापेक्षा काय लागतं ते विचारून न्या.

८. विमा. इथे कुणी मागत नाही. पण पोहता येत नसेल तर बोटीत लाइफ जॅकेट आहे का ते चढण्याआधी बघा. नसेल तर आपलं न्या.

९. जुना सल्ला उलटा वाचा. झाडीत लूट होते असं शेकडो वर्षं सांगितलं गेलं, आणि ते किस्से सगळे वाटसरूंनी लिहिलेले आहेत. इथल्या लोकांचं काय गेलं हे त्यांच्या तोंडून ऐकायला एक अख्खी दुपार मोकळी ठेवा.

परत येताना बोटीत मी मित्राला म्हटलं, शेंगेनला एका कागदासाठी अख्खं संग्रहालय आहे. मणिबेलीलाही हवं. जाहीरनाम्याची प्रत, जुने फोटो, मोर्स समितीचा अहवाल. तो म्हणाला, "बांधतीलही. पण मग त्याच्यासाठी जागा मोजायला कुणीतरी येईल." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "त्यापेक्षा राहिलेल्यांना सातबारा द्या म्हणावं."

नवविवाहित सहकाऱ्याची लक्झेंबर्गची तिकिटं झाली आहेत. त्याला मी यादी पाठवली, खाली मणिबेलीचीही जोडली. त्याने विचारलं, "तिकडे किती दिवस लागतात?" दोन पुरतात. आठ दिवसांची रजा असेल तर लक्झेंबर्ग करा, अगदी जरूर करा. दोन दिवसांची असेल तर मणिबेली. मतदान केंद्र क्रमांक १, नर्मदेचा डावा काठ. पोचल्यावर कुणी विचारलं, मोजणीला आलात का, तर नाही म्हणा, आणि खरंच काही मोजू नका.